दोनशे ग्रॅम कमी

आमच्या मुठा खोऱ्यात तान्ह्या पोराला कुणी चांगलं म्हणत नाही. पोर कितीही गुटगुटीत असो, बघायला आलेली बाई तोंड वाकडं करून म्हणणार, "अगं बया, लई वाळलंय की गं हे!" आणि पोराची आई गालातल्या गालात हसणार, कारण तिला माहीत असतं की हे कौतुकच चाललंय. नजर लागू नये म्हणून उलटं बोलायचं, ही आमची रीत. माझ्या दोन पोरांच्या वेळी मी हेच ऐकलं आणि पुढं गावची आशा सेविका झाल्यावर घरोघरी हेच बोलत आले. म्हणून "वजन कमी भरलं" असं वरच्या आळीतल्या एका घरात पहिल्यांदा खोटं बोलले, तेव्हा माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बोलण्यावर थांबले असते तर आज हे सांगायची वेळ आली नसती. मी ते लिहिलं. बाळाच्या कार्डावर, पेनानं, माझ्या चांगल्या अक्षरात.

आशाचं काम लोकांना वाटतं तेवढं साधं नाही. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरल्या दिवशी तिच्या घरी जायचं. बाळाला काट्याच्या झोळीत घालून तोलायचं, अंग गरम लागतंय का, नाळ सुकली का ते बघायचं आणि फॉर्म भरायचा. आईलाही विचारायचं असतं, ताप आहे का, अंगावरून किती जातंय, टाके दुखतात का. पण आईचं मन कसं आहे हे त्या फॉर्मात कुठं लिहायचं, ते मला कधी सापडलं नाही. मी फार शोधलंही नाही म्हणा.

आणि तो काटा. मी बौद्धवाड्यातली. माझी सासू या गावात धान्य पाखडायला जायची, तर वरच्या आळीतल्या घरांच्या पायरीशी बसायची. तिला पाणी वरून ओतायचे. मी मात्र काटा खांद्याला अडकवून त्याच घरांच्या आतल्या खोलीपर्यंत जात होते, बाजेवर बसत होते, त्यांची पोरं मांडीवर घेत होते. काटा होता म्हणून. तो नसता तर मीही पायरीवरच असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे काट्यावर माझा जरा जास्तच जीव होता.

ज्या घरात मी खोटं बोलले त्या घरातली सून ताम्हिणीकडची. आई लहानपणीच वारलेली, घरी म्हातारा बाप आणि एक भाऊ. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण आईच नाही तर माहेरी करणार कोण? म्हणून सासूनंच सगळं केलं. खरं सांगते, मनापासून केलं. पुणेकरांच्या बंगल्यावर ती साफसफाईला जायची, तर सुनेसाठी सव्वा महिना काम बंद ठेवलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सकाळ-संध्याकाळ शेक. नवरा हिंजवडीच्या कंपनीची बस चालवायचा. पहाटे जायचा, अंधार पडल्यावर यायचा. मुलगा झाला म्हणून सगळं घर हवेत होतं.

तिसऱ्या दिवशी गेले तर सून गप्प होती. मी म्हटलं, दमली असेल. सातव्या दिवशी गेले तर बाळ टाहो फोडतंय, हिच्या दुधानं चोळी भिजलीय आणि ही भिंतीकडे बघत बसलेली. सासू हसून म्हणाली, "झोप न्हाई ना तिला, म्हून अशी खुळ्यावानी बसतीया." मी फॉर्ममध्ये लिहिलं, आई ठीक. बाळाचं वजन जन्माएवढंच भरलं होतं, तेही ठीकच होतं.

त्याच्या आदल्या वर्षी आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, बाळंतिणीच्या मनाच्या आजारावर. शिकवायला आलेले सर म्हणाले, आईला एकांतात विचारा. आम्ही सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसलो. एकांत? बाळंतिणीच्या खोलीत? तिथं सासू, चुलतसासू, शेजारीण, शेकायची शेगडी, सगळं एका बाजेभोवती असतं. सर पुण्याचे होते, त्यांना काय सांगणार! पण दहाव्या दिवशी मला तो एकांत मिळाला. काम नव्हतं, सहज डोकावले होते. सासू शेगडीसाठी गोवऱ्या आणायला मागं गेली आणि सुनेनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"ताई, दाराला भाईरनं कडी लावून जावा."

"का गं?"

"मागं इहीर हाय. ह्याला घिऊन मी तितं जाईन असं सारखं वाटतंय. मला न्हाई जायचं, ताई. पर डोळं मिटलं की हात मोकळं झाल्यालं दिसत्यात."

मागची विहीर मी कितीदा बघितलेली. कठडा गुडघ्याएवढा. तेवढ्यात सासू गोवऱ्या घेऊन आली आणि ही पुन्हा भिंतीकडे बघायला लागली.

घरी येऊन मी तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या आजारासाठी बसणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्यांचा नंबर प्रशिक्षणात वहीवर उतरवून घेतला होता, कधी लागेल असं वाटलं नव्हतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तिला स्वतःचीच भीती वाटतेय, तिला ते करायचं नाहीये, ही चांगली खूण आहे. तरी एकटी सोडू नका. डॉक्टरांना दाखवायला आणा. बरी होईल. आणि तुम्ही ठरलेल्या भेटींवर थांबू नका, जात राहा, तिला बोलू द्या. आणि घरच्यांना विश्वासात घ्या."

घरच्यांना विश्वासात घेणं तेवढं सोडून मी सगळं केलं.

का नाही घेतलं, तर खालच्या आळीतली एक सून मी बघितली होती. बाळंतपणानंतर ती बडबडायला लागली. येडी म्हणून तिला माहेरी सोडून आले ते पुन्हा आणायला गेलेच नाहीत. वर्षाच्या आत नवऱ्यानं दुसरी आणली. मी म्हटलं, हिच्या बाबतीत हा शब्दच तोंडातून बाहेर काढायचा नाही. शहाणी ना मी! सगळ्या गावाची नस मला कळते, अशी माझी घमेंड.

पण दर दोन दिवसांनी त्या घरी जायचं तर कारण लागतं. सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढून तालुक्याला न्यायचं, तर त्याहून मोठं कारण लागतं. आईसाठी कोण सोडणार? बाळासाठी सोडतील. चौदाव्या दिवशी मी बाळाला झोळीत घातलं. काटा तुळईच्या हुकाला लावला होता. तीन किलोला टेकला. झकास वाढलं होतं पोर. मी कपाळाला आठी घातली आणि सासूला म्हटलं, "कमी भरतंय वैनी. दर दोन दिसांनी बघाय लागंल."

सासूनं नेहमीच्या रीतीनं घेतलं. हसलीच. पण संध्याकाळी नवऱ्यानं कार्ड बघितलं, कार्डावर मी अजून काहीच लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "ताई, आई म्हणतीया वजन कमी हाय, मंग कार्डावर कसं न्हाई?" मी गेले आणि तीन किलोच्या जागी दोन किलो आठशे लिहिलं. दोनशे ग्रॅम कमी. मनात म्हटलं, दोनशे ग्रॅम म्हणजे काय, वाटीभर तांदूळ.

त्या दोनशे ग्रॅमनी कामं पटापट झाली, हेही खरं. नवऱ्यानं रजा टाकली. आम्ही तालुक्याला गेलो. बाळाला दाखवायचं म्हणून गेलो आणि नवरा खाली केसपेपरच्या रांगेत असताना मी हिला वर मॅडमकडे नेलं. डॉक्टरांनी दूध पाजणाऱ्या आईला चालतात अशा गोळ्या दिल्या. बाळालाही डॉक्टरांनी बघितलं असं मीच नवऱ्याला सांगितलं, आणि घरी सांगितलं, गोळ्या ताकदीच्या आहेत. सासू स्वतः रोज न चुकता तिला त्या पाण्याबरोबर द्यायची. मी दर दोन दिवसांनी जायची, झोळी बांधायची आणि सासू चहा टाकायला आत गेली की ही बोलायची. कधी नुसती रडायची. तिला सगळ्यात बरं वाटायचं ते मी घाबरले नाही म्हणून.

आणि दर वेळी खोटा आकडा. एकदा कमी लिहिलं की पुढचंही कमीच लिहावं लागतं, नाहीतर पोर एकदम वाढल्याचं दिसेल आणि मला जायचं कारण उरणार नाही. त्यामुळे बाळ वाढत होतं आणि कार्डावरचं पोर मागं पडत होतं. अंगणवाडीची बाई माझाच आकडा उतरवून घ्यायची. लसीच्या दिवशी सिस्टर म्हणाली, "अगं, हे तर फारच कमी." मी म्हटलं, दाखवून आणलंय. बेचाळिसाव्या दिवशी खरं वजन चार किलो होतं आणि कार्डावर तीन किलो दोनशे.

एक दिवस तिनं मला विचारलं, "ताई, खरंच का ओ एवढा कमी भरतोय?"

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "व्हय."

तिला तरी सांगायला हवं होतं. मी विचार केला, हिच्या मनात काही राहत नाही, सासूला बोलून बसेल. आजारी बाईला माझ्या खोट्याचं ओझं कशाला. असले विचार मला फार सुचतात. ती त्या दिवसापासून बाळाला पाजताना त्याच्या तोंडाकडे बघायची, जणू काही चुकीचं देतेय.

आता सासूचंही बघा. तिनं लाडू केले, खीर केली, शेकलं, आणि तरी पोर वाढत नाही. सरकारी कार्डावर लिहून आलंय. मग दोष कुणाचा? "हिच्या दुधात कस न्हाई," असं ती पहिल्यांदा माझ्यासमोरच म्हणाली. मी ऐकलं आणि चहा प्यायले. मग शेजारणी म्हणायला लागल्या. मग दुधाच्या पावडरीचा डबा आला.

आणि मग नणंद आली. नेऱ्याला दिलेली. तिकडं जमिनी विकून बंगले बांधले लोकांनी, हिचाही आहे, दारात गाडी. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. ती वाईट बाई नाही, बरं का. मी तिला वाईट ठरवून मोकळी होणार नाही. बाळाला उचललं तेव्हा ती कितीतरी वेळ त्याची टाळू हुंगत होती. ती म्हणाली, "वैनी, आठ दिस माज्याकडं दे. मोठ्या डाक्टरला दाखवते, चांगलं दूध देते, भरून आणते." सुनेनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसलं. नेऱ्याला विहीर नाही.

मला वाटलं, बरंच आहे. आठ दिवस झोप मिळेल, गोळ्या लागू पडतील. मीच म्हटलं, "जाऊ द्या की."

आठ दिवसांचा महिना झाला. महिन्याचे दोन झाले. शनिवार-रविवार गाडीतून दाखवून न्यायचे, नंतर तेही कमी झालं. इकडं हिचं दूध आटलं. आणि गोळ्यांनी ही बरी झाली. मी तुम्हाला सांगते, इतकी बरी झाली की माझा विश्वास बसेना. एका सकाळी ती एकटीच माझ्या घरी आली. मी पायरीवर मेथी निवडत होते. ती शेजारी बसून निवडायला लागली.

"ताई, आज इहिरीवर जाऊन आले. एकटी. दोन घागरी शेंदून आणल्या. काय बी न्हाई झालं."

आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. पुढचे दोन दात जरा पुढं होते, ते मला तोवर माहीतच नव्हतं.

"आता त्याला आणायचा," ती म्हणाली. मग काड्या मोडत मोडत हळूच म्हणाली, "पर आणून काय पाजू? आटलं त्ये बरंच झालं म्हना. माज्या दुधात कस हुता कुटं? तिकडं तरी भरतोय."

मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. काटा, कार्ड, दोनशे ग्रॅम, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मंजी माजा पोरगा वाढत हुता?"

"व्हय."

"माज्याच दुधावर?"

"व्हय गं."

तिनं हातातली जुडी माझ्या तोंडावर फेकली. माती डोळ्यांत गेली. मी डोळे चोळत होते आणि ती वरून ओरडत होती, सगळी आळी गोळा होईल अशी. "येडी म्हनाले असते तर औषद खाऊन बरी झाले असते! दुधात कस न्हाई ह्याला काय औषद हाय? महिनाभर मी त्येला पाजाय भ्यायले, ताई. इहिरीपरीस जास्त भ्यायले." मग ती दमली आणि पुन्हा पायरीवर बसली. मी सांडलेल्या काड्या गोळा केल्या. शेवटी ती उठताना म्हणाली, "आयतवारी बा येणार हाय. समद्यांम्होरं पोराची बोलणी हायेत. तुमी या. मी येडी हुते म्हून सांगायचं तर सांगा, माजी काय ना न्हाई. पर माज्या दुधात कस हुता, ह्ये सांगा."

मी म्हटलं, सांगते.

रविवारी पडवीत सतरंजी टाकली होती. सासू, नवरा, भावकीतले दोन म्हातारे. ताम्हिणीहून पहिल्या एस्टीनं बाप आणि भाऊ आलेले. नणंद बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, तिचा नवरा गाडीपाशी उभा. मला आतून चहा आला, कपबशीत. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

बाप म्हणाला, "पोरगी बरी हाय. ज्याचं लेकरू त्याच्या आयपाशी असावं, एवढंच आमचं म्हननं." नवऱ्यानं खिशातून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्यानं ते सगळ्यांसमोर उघडून धरलं आणि माझे आकडे एकेक करून वाचून दाखवले. शाळेतल्या पोरासारखा, बोट ठेवून. "हे आमी न्हाई लिवलं, आशाताईंनी लिवलंय. ताई हितंच बसल्यात, इचारा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनही.

मला खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगते, घरून निघताना मी वाक्य जुळवून आले होते. पण त्या पडवीत, हातात ती कपबशी धरून, मला एकदम दिसलं की खोटं लिहिलं म्हटल्यावर माझा काटा जाणार, काम जाणार आणि या गावात मी परत पायरीवर येणार. सगळे म्हणणार, शेवटी तिकडचीच. मी म्हटलं, "त्या वेळी काटा बिघडला होता. आकडे चुकलेत. बाळ चांगलं वाढत होतं."

सुनेनं डोळे मिटले.

नवरा म्हणाला, "मंग आता तोला." अंगणवाडीतून दुसरा काटा आणला. बाळाला झोळीत घातलं, ते खदाखदा हसत होतं. सहा किलो दोनशे. कार्डावरचा शेवटचा आकडा तीन किलो दोनशे. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं बोटांवर हिशोब केला आणि म्हणाला, "दुप्पट झालं की गं बाय!" मी म्हणत होते, अहो, पोरं एवढी वाढतातच, ते आधीच चारच्या वर होतं. कोण ऐकतंय! नणंदेनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटानं बाळाच्या गालाला लावलं आणि रडायला लागली. मी कमी लिहिलेला प्रत्येक ग्रॅम तिच्या पदरात पडला होता.

तेव्हा चौकटीतून सून पुढं आली.

"काटा बरा हुता," ती म्हणाली. "डोकं माजं बिघडलं हुतं. मला इहिरीचं भ्या वाटायचं, ह्येला घिऊन जाईन म्हून. त्या ताकदीच्या गोळ्या न्हवत्या, त्या डोक्याच्या हुत्या. आता मी बरी हाय. आन् ताईंनी खोटं लिवलं ते मला भेटाया याया पायजे म्हून. माज्या दुधात कस हुता."

आवाज जरासुद्धा कापला नाही. त्या पडवीत खरं बोलायची हिंमत असलेली ती एकटीच होती, आणि तिलाच सगळे येडी म्हणणार होते.

नणंदेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. पण मला आजही आठवते ती सासू. ती सुनेला काहीच बोलली नाही. माझ्याकडे वळली.

"तुला ठावं हुतं? माज्या घरात इहिरीची गोस्ट चालल्याली, आन् तू माज्या हातचा च्या पीत बसलीस?"

मी कपबशी खाली ठेवली.

"माज्या थोरल्या भनीला असंच झालं हुतं," ती म्हणाली. "पयल्या बाळंतपणात. आमी पाळीपाळीनं तिला धरून बसायचो. सा महिनं. बरी झाली, नातवंडं खेळवतीया आज. मला सांगितलं असतंस तर मी हिला टाकून दिली असती व्हय? त्या गोळ्या मी माज्या हातानं दिल्या. मला काय येडी समजलात तुमी दोगी?" तिनं कार्डाकडं हात केला. "आता मी कुनाच्या बोलन्यावर लेकरू ठिवून घेऊ? तुज्या? का हिच्या?"

ती उठून आत गेली, ती परत बाहेर आली नाही. म्हातारे म्हणाले, सहा महिने नेऱ्यालाच राहू दे, मग बघू. सुनेनं तोवर बापाकडं जाऊन तब्येत सुधारावी. तिनं बाळाला एकदा घेतलं. नणंदेनं दिलं, पण पदराचं टोक सोडलं नाही.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. डॉक्टरांनी ती बरी असल्याचा कागद दिला. भाऊ तो घेऊन आला तर नवरा म्हणाला, "कागदाचं नका सांगू. कागद वजनाचा बी हुता." पोलिसात जा असं मी म्हटलं, तर बाप म्हणाला, पोरीला पुन्हा नांदायचंय तितं. माझी कुणी तक्रार केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं. काटा अजून माझ्याच खांद्याला आहे आणि त्या घराच्या मी पायरीशीच थांबते. कुणी थांबायला सांगितलेलं नाही.

बाळाचं नाव आता नेऱ्याच्या आशाच्या यादीत आहे. महिन्यातून एकदा मी तिला फोन करून वजन विचारते आणि मग ताम्हिणीला सुनेला फोन लावते. तिकडं रेंज नसते, ती भावाच्या ढाब्यापाशी वर रस्त्यावर येऊन उभी राहते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. ती फक्त विचारते, "किती भरला?"

परवाही सांगितलं. "नऊ किलो आठशे."

"खरं का?"

"खरं गं. व्हय."

मागून ट्रक गेल्याचा आवाज आला.

"तवाबी तुमी व्हयच म्हनला हुता," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.